उभ्याने करावयाची कामे आणि पायांच्या फुगलेल्या शिरा

बैल लंगडू लागला की मालक त्याच दिवशी पशुवैद्याकडे जातो. स्वतःच्या किंवा मजुराच्या पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या, दोरीसारख्या शिरा उठल्या तर मात्र वाताचा विकार समजून वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले जाते. वैद्यकीय परिभाषेत यास ‘अपस्फीत नीला’ म्हणतात. दवाखान्यात ‘व्हेरिकोज व्हेन्स’ हा शब्द रूढ आहे.

पायांतील रक्त हृदयाकडे वर चढावयाचे असते. ते परत फिरू नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात, आणि चालताना पोटरीचे स्नायू आवळून ते वर ढकलतात. विहिरीवरील पंपाचा फूटव्हॉल्व्ह निकामी झाला म्हणजे पाइपातील पाणी जसे पुन्हा खाली उतरते, तसेच या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचते व त्वचेलगतच्या शिरा ताणल्या जाऊन फुगतात.

काही कारणे आपल्या हाती नसतात. आईवडिलांस हा विकार असल्यास मुलांस तो होण्याचा संभव अधिक. वाढत्या वयाबरोबरही तो वाढतो. स्त्रियांत तो अधिक आढळतो. गरोदरपणी शरीरातील रक्त वाढते, शिरांच्या भिंती सैलावतात आणि वाढत्या गर्भाशयाचा दाब ओटीपोटातील शिरांवर पडतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत या शिरा पुष्कळदा ओसरतात. मात्र अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत धोका अधिक असतो. स्थूलपणा आणि पायाच्या खोल शिरेत पूर्वी झालेली रक्ताची गुठळी, हीही कारणे होत.

राहिले कामाचे स्वरूप, आणि सुधारणेस खरा वाव येथेच आहे. पुष्कळ चालण्याने शिरा फुगतात ही समजूत बरोबर नाही. नांगरामागे चालणाऱ्याची पोटरी पावलागणिक रक्त वर ढकलीत असते. द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये टेबलाशी तासन्‌तास एकाच जागी उभ्या असलेल्या स्त्रीची पोटरी मात्र जवळजवळ स्वस्थ असते. गुऱ्हाळात काहिलीपाशी उभ्या राहणाऱ्या गुळव्यास तर आचेचाही त्रास. उष्णतेने शिरा अधिकच विस्फारतात. मजूर बसला की काम बुडाले, असे मानणाऱ्या मालकांनी याचा अवश्य विचार करावा. टेबलाशेजारी एक बाकडे ठेवण्यास खर्च तो कितीसा! आळीपाळीने बसणे, अधूनमधून चार पावले फिरणे, उभ्या उभ्या टाचा उचलणे, एवढ्यानेही साचलेले रक्त हलते. रात्री पाय उशीवर उंच ठेवावेत.

सायंकाळी पाय जड होणे व घोटे सुजणे ही नेहमीची लक्षणे होत. घोट्याच्या आतील बाजूस वर त्वचा काळवंडून खाजू लागल्यास दिरंगाई करू नये. तेथे पडलेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही, आणि चिखलाशेणात काम करणाऱ्यास ती फार महाग पडते. दाब देणारे मोजे उपयोगी असतात, परंतु ते डॉक्टरांनी पाय तपासल्यावरच वापरावेत; मधुमेही व्यक्तीने तर विशेषच. एकच पाय अचानक सुजून दुखू लागल्यास तो चोळू नये, त्वरित रुग्णालय गाठावे.

फुगलेली शीर खरचटल्यास रक्त जोराने वाहते. अशा वेळी रोग्यास तत्काळ आडवे निजवावे, पाय छातीपेक्षा उंच धरावा आणि स्वच्छ फडक्याने जखमेवर दहा मिनिटे न सोडता घट्ट दाब द्यावा. मांडीला दोरी आवळू नये. रक्त थांबले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. थांबत नसल्यास दाब तसाच ठेवून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.