आंगठ्याची साक्ष

मागील वैशाखांत दोडामार्ग तालुक्यांतील एका गांवीं, रास्त भावाच्या धान्यदुकानांत, आम्हीं जो प्रसंग पाहिला त्यावरून हा लेख लिहिण्याचें मनांत आलें. रांगेंत एक वृद्धा उभी होती. तिची पाळी आली तेव्हां दुकानदारानें आपलें लहानसें काळें यंत्र तिच्यापुढें केलें. तिनें आंगठा टेंकला. यंत्रानें नकार दिला. तिनें तो पदरास पुसून पुन्हां टेंकला; पुन्हां नकार. उजवा झाला, डावा झाला, तर्जनी झाली, मधलें बोट झालें. शेवटीं ती दुकानदाराकडे पाहून हंसली आणि म्हणाली, "बाबा, माझो आंगठोच माका वळखणा नाय."

रांगेंतील मंडळीही हंसली. आम्हीं मात्र तिच्या हाताकडे पाहत राहिलों. वर्षानुवर्षें काजूच्या बिया फोडणारा तो हात होता. बोटांचीं अग्रें काळवंडून कांचेसारखीं गुळगुळीत झालीं होतीं. त्या दिवशीं तिला धान्य मिळालें नाहीं. "उद्यां मुलाला पाठव," एवढें ऐकून ती रिकामी पिशवी घडी घालून घेऊन गेली.

आपला आंगठा म्हणजेच आपण, असें आज घरोघर गृहीत धरलें जातें. दुकानांत, बँकेंत, पोलिसठाण्यांत आंगठ्याची साक्ष मागितली जाते. ही साक्ष कोणत्या गोष्टीची, आणि ती कितपत मानावी, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

ज्यास लिहितां येत नाहीं त्यानें आपली संमति कागदावर कशी नोंदवावी, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. मराठेशाहींतील महजर पाहिले तर कुणब्याच्या नांवापुढें नांगराचें चित्र काढलेलें आढळतें. इतर कारागीरही आपापल्या धंद्याचें हत्यार निशाणी म्हणून काढीत. परंतु नांगराची निशाणी सर्व कुणब्यांची एकच. ती पाहून धंदा कळे, माणूस कळत नसे. माणूस ओळखण्याचें काम भोंवतीं बसलेल्या गोतानें करावें. जेथें गोत नाहीं, तेथें ती निशाणी मुकी होई.

गोताशिवाय माणूस ओळखण्याची गरज बंगालमध्यें प्रथम तीव्रतेनें भासली. १८५८ सालीं जंगीपूर येथें विल्यम हर्शेल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें रस्त्याच्या खडीचा मक्ता देतांना राज्यधर कोनाई या मक्तेदाराच्या सबंध पंजाचा ठसा कराराच्या पाठीवर घेतला. त्यांत शास्त्र कांहींच नव्हतें. मक्तेदारानें पुढें करार नाकारूं नये, एवढाच धाक घालावयाचा होता. पण हर्शेलला त्या रेघांचें वेड लागलें. त्यानें स्वतःच्या बोटांचे ठसे वर्षांमागून वर्षें घेऊन ठेविले आणि तरुणपणींच्या रेघा म्हातारपणींही तशाच राहतात असें त्यास आढळलें. १८७७ सालीं हुगळी येथें त्यानें निवृत्तिवेतन, दस्तऐवजांची नोंदणी आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणीं बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला. मेलेल्या माणसाचें वेतन जिवंत माणसानें येऊन घेऊन जाण्याचा धंदा त्यामुळें अवघड झाला.

ठसे घेणें सोपें; घेतलेल्या हजारों ठशांतून हवा तो शोधून काढणें कठीण. हें कोडें कलकत्त्यास सुटलें. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालीं काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय अधिकारी होते. त्यांनीं दहा बोटांवरील आकृतींस अंक देऊन ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ कप्प्यांची अशी मांडणी बसविली कीं, कागद हातीं आला म्हणजे तो कोणत्या कप्प्यांत पडावा हें हिशेबानेंच ठरावें. १८९७ सालीं कलकत्त्यास अंगुलिमुद्रांची कचेरी निघाली. लंडनच्या पोलिसांनीं हीच पद्धति १९०१ सालीं उचलली. जगभर ती 'हेन्रीची पद्धति' म्हणून प्रसिद्ध आहे. तिचें गणित ज्यांनीं बसविलें त्यांचीं नांवें मात्र बहुतेक पाठ्यपुस्तकांत सांपडत नाहींत, म्हणून विद्यार्थ्यांनीं तीं येथून टिपून ठेवावीं.

आतां स्वतःचीं बोटें उजेडांत धरून पाहा. आपल्या आज्या ज्यांस शंख आणि चक्र म्हणतात, त्याच आकृति शास्त्रानेंही मानल्या आहेत, तिसरी कमानीची. सर्व बोटांपैकीं सुमारें साठ ते पासष्ट टक्के शंख, तीस ते पस्तीस टक्के चक्र आणि कमान अवघी पांच टक्क्यांच्या आसपास. दहाही चक्रें असलीं म्हणजे राजयोग, असें सांगून दक्षिणा घेणारे भेटतात. त्यांस ती देऊं नये. शंख-चक्रांवरून माणूस ओळखला जात नाहीं, कारण तीं हजारोंच्या बोटांवर सारखींच असतात. ओळख पटते ती बारीक खुणांवरून. एखादी रेघ चालतां चालतां मध्येंच संपते, एखादीस फांटा फुटतो, दोन रेघांच्या मध्यें एखादें बेट राहतें. हे तुटके आणि फांटे कोणत्या जागीं, एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, यांची तुलना तज्ज्ञ भिंगानें करतो आणि यंत्र गणितानें. या रेघा मूल आईच्या पोटांत असतांना, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास उमटूं लागतात. पोटांतील दाब, हालचाल, वाढीचा वेग या सर्वांचा त्यांवर परिणाम होतो; म्हणून एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांचेही ठसे भिन्न असतात.

अशी ही साक्ष आपल्याकडे पहिल्यानें न्यायालयांत उभी राहिली तेव्हां काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. १८९७ सालीं बंगालमधील जलपैगुडी भागांत एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून होऊन त्याची पेटी फोडली गेली. पेटींतील कागदांत एक बंगाली पंचांग होतें आणि त्यावर तपकिरी डाग होते. त्यांतील एक डाग म्हणजे उजव्या आंगठ्याचा ठसा होता. कलकत्त्याच्या कचेरींत तो जुळला तो कांगाली चरण या पूर्वी शिक्षा भोगलेल्या जुन्या नोकराच्या ठशाशीं. १८९८ सालीं खटला चालला. न्यायालयानें त्यास चोरीबद्दल दोषी धरलें, पण खुनाच्या आरोपांतून सोडलें. आंगठा पंचांगास लागला एवढें आंगठा सांगूं शकतो. सुरी कोणीं चालविली हें त्यास ठाऊक नसतें. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या न्यायालयानें साक्षीदारास जेवढें ठाऊक होतें तेवढेंच त्याच्याकडून ऐकून घेतलें, याचें आम्हांस आजही कौतुक वाटतें.

यापुढील भाग किंचित् सावकाश वाचावा, कारण साऱ्या विषयाची मेख येथें आहे. ठशास दोन निरनिराळे प्रश्न विचारतां येतात. पहिला असा: समोर उभा असलेला मनुष्य आपलें जें नांव सांगतो, तोच हा आहे काय? येथें एक ठसा एकाच नोंदलेल्या ठशाशीं ताडून पाहावयाचा असतो. दुकानांतील यंत्र हाच प्रश्न विचारतें. दुसरा प्रश्न असा: हा कोठेंतरी सांपडलेला ठसा या लाखों माणसांपैकीं कोणाचा? येथें एक ठसा सर्वांशीं ताडावा लागतो. प्रश्न दिसावयास जुळे, पण त्यांचा हिशेब अगदीं वेगळा.

समजा, एखादें यंत्र दहा हजार तुलनांत एकदां चुकून भलत्यासच 'हा तोच' म्हणतें. पहिल्या प्रश्नास हें यंत्र उत्तम. लबाडी साधण्याचा संभव दहा हजारांत एक. आतां तेंच यंत्र गोव्याच्या सर्व रहिवाशांवर चालवा. २०११ च्या जनगणनेप्रमाणें गोव्याची वस्ती १४,५८,५४५ होती. दहा हजारांनीं भागा: सुमारें १४६ निरपराध माणसांकडे यंत्र बोट दाखवील. खरा अपराधी असलाच तर एक, आणि तो परगांवचा असेल तर यादींत एकही नाहीं.

हा हिशेब आम्हीं केवळ फळ्यावर मांडण्यासाठीं केलेला नाहीं. गोव्याची हद्द ओलांडून आपले कितीतरी लोक रोज कामास जातात. त्याच गोव्यांत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. जानेवारी २०१३ मध्यें वास्को येथील एका शाळेंत एका लहान मुलीवर घोर अत्याचार झाला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. घटनास्थळीं कांहीं ठसे मिळाले होते; ते ताडण्यासाठीं गोव्यांतील आधारधारकांच्या बोटांची माहिती द्यावी, अशी मागणी झाली आणि वास्कोच्या दंडाधिकाऱ्यांनीं ती मान्य केली. आधार प्राधिकरणानें हरकत घेतली: लोकांनीं हे ठसे सवलतींसाठीं, विश्वासानें दिले आहेत, आमची यंत्रणा गुन्ह्याच्या जागीं सांपडणाऱ्या अर्धवट ठशांसाठीं बांधलेली नाहीं, आणि असा शोध घेतल्यास निर्दोष माणसें संशयांत सांपडतील. फेब्रुवारी २०१४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें अशी तुलना तंत्रदृष्ट्या शक्य आहे काय हें तज्ज्ञाकडून पाहण्यास सांगितलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि २४ मार्च २०१४ रोजीं आदेश झाला कीं, त्या त्या माणसाच्या लेखी संमतीवांचून त्याच्या बोटांची माहिती कोणासही देऊं नये.

अपराध इतका अमानुष असतां हातीं असलेलें साधन वापरूं न देणें कित्येकांस क्रूरपणाचें वाटलें असेल. त्या बालिकेच्या आईबापांचा विचार मनांत आला म्हणजे आम्हांसही निश्चयानें बोलवत नाहीं. पण १४६ दारांवर पोलिसांनीं थाप मारून तिला न्याय मिळाला असता असें म्हणावें, तर तो हिशेब जुळत नाहीं.

यंत्राच्या चुकीस माणसाची घाई मिळाली म्हणजे काय होतें, हें जगानें त्याच्या दहा वर्षें आधींच पाहिलें होतें. ११ मार्च २००४ रोजीं स्पेनमधील माद्रिद येथें आगगाड्यांत बाँबस्फोट झाले. स्फोटकांच्या पिशवीवरील एक ठसा अमेरिकेच्या पोलिसांनीं आपल्या संग्रहांत शोधला. यंत्रानें जवळचे म्हणून वीस ठसे पुढें केले. त्यांपैकीं एका अमेरिकन वकिलाचा ठसा तज्ज्ञांनीं निश्चित ठरविला. त्यास अटक होऊन तो दोन आठवडे कोठडींत राहिला. शेवटीं स्पेनच्या पोलिसांनीं तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचें दाखविलें आणि अमेरिकेस क्षमा मागावी लागली. लाखों ठशांत शोधलें म्हणजे विलक्षण साम्य असलेला एखादा तरी सांपडावयाचाच, आणि साम्य पाहिल्यावर डोळे भेद पाहण्याचें विसरतात.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, पोलिसांनीं ठसे घेऊंच नयेत. महाराष्ट्र पोलिसांकडे बोटें, तळहात, बुबुळें आणि चेहरा एकत्र ताडणारी 'ॲम्बिस' नांवाची यंत्रणा आहे. देशभरच्या पोलिसांचे ठसे जोडणारी 'नाफिस' ही यंत्रणा २०२२ सालीं सुरू झाली. त्याच वर्षीं १९२० चा जुना कायदा जाऊन नवा आला, त्यानें पोलिसांस बोटांशिवाय बुबुळांचींही मापें घेण्याचा अधिकार दिला. हे संग्रह त्याच कामासाठीं केलेले आहेत. आधारचा संग्रह मात्र वेगळा ठेवला गेला. नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं पहिला क्रमांक दिला गेला तो सवलत पोंचविण्यासाठीं. २०१६ च्या आधार कायद्याप्रमाणें बोटांचे व बुबुळांचे ठसे कोणत्याही कारणासाठीं कोणासही देतां येत नाहींत.

आतां त्या वृद्धेकडे वळूं. काजूच्या टरफलांत जें तेल असतें तें अतिशय दाहक. बी फोडतांना तें बोटांस लागतें आणि कातडीचा वरचा थर जळून सोलटतो. हातास राख किंवा एरंडेल चोळून बसणाऱ्या बायका आपण पाहतों. त्यानें दाह कमी होतो, रेघा वांचत नाहींत. चिरेखाणींतील मजुरांची, चुना-सिमेंटांत काम करणाऱ्या गवंड्यांची आणि केवळ वय झालेल्यांचीही हीच स्थिति. म्हणजे ज्याचे हात कामांत अधिक, त्याचीच साक्ष यंत्रापुढें लटकी. आणि यंत्राचा नकार म्हणजे 'ही ती नव्हे' असा निर्णय नसतो. 'मला नीट दिसलें नाहीं' एवढाच त्याचा अर्थ. दुकानांतला घोटाळा हाच होता. प्राधिकरणानें २०१७ सालींच कळविलें होतें कीं, बोट जुळलें नाहीं म्हणून पात्र माणसास धान्य नाकारूं नये. बुबुळ पाहावें, मोबाइलवर आलेला अंक विचारावा, तेंही न जमल्यास कार्ड पाहून नोंदवहींत लिहून घ्यावें. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार-निकालांतही ठसा जुळला नाहीं या कारणानें पात्र माणसास वंचित ठेवलें जाणार नाहीं, हें सरकारचें आश्वासन नोंदलेलें आहे. हें आम्हीं दुकानदारास दुसऱ्या दिवशीं सांगितलें. तो भला माणूस आहे. "सर, मला हें कोणीं सांगितलेंच नव्हतें," असें म्हणून त्यानें तिचें धान्य मुलाच्या हातीं दिलें आणि वहींत तिचें नांव लिहिलें.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. रेघांचें मूळ कातडीच्या खालच्या थरांत असतें. तेथवर जखम पोंचली नसेल तर वरची कातडी नवी येतांना जुनाच नमुना घेऊन येते. पावसाळा लागला आणि काजूचें काम कांहीं आठवडे थांबलें. श्रावणांत आम्हीं पुन्हां त्या दुकानांत गेलों तेव्हां ती वृद्धा रांगेंत होती. तिनें आंगठा टेंकला आणि पहिल्याच खेपेस यंत्रांतून पावती बाहेर आली. तिनें आंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, मग पिशवी उघडून मापाखालीं धरली.