प्लॅस्टिकच्या वीजनळीस जागेवर बाक देण्याच्या रीती

आपल्या संघाच्या सभासदांपैकी पुष्कळांचा व्यापार लोखंड, हार्डवेअर व विजेच्या सामानाचा आहे. भिंतीतून अगर स्लॅबमधून वायर नेण्यासाठी लागणारा पीव्हीसी पाइप, ज्यास वायरमन मंडळी ‘कंड्युट’ म्हणतात, तो अशा प्रत्येक दुकानात असतोच. विकलेला पाइप परत येतो तेव्हा तो बहुधा मधोमध चेपलेला, पांढरा पडलेला किंवा तडकलेला असतो आणि आणणारा म्हणतो, “शेठजी, तुमचा माल खराब निघाला.” माल खराब होता की हात चुकला, हे सांगता येण्यास तो पाइप कामाच्या जागी कसा वाकवितात याची माहिती विक्रेत्यास असावयास हवी. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

पूर्वी या कामास लोखंडी नळ्या वापरीत. गोवा व कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत त्या गंजत. पीव्हीसीस गंज ठाऊक नाही व त्यातून वीजही वाहत नाही. हा पदार्थ जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाउमान याने १८७२ साली वर्णिला. त्यास व्यवहारात उपयोगी असे मऊ रूप अमेरिकेत वाल्डो सेमन याने १९२६ साली दिले. याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीनचा असतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

बाजारात तयार बेंड व एल्बो मिळत असता पाइप वाकविण्याचा खटाटोप कशासाठी, अशी शंका येईल. एल्बोचे वळण आखूड असते आणि त्यात वायर अडकते. शिवाय प्रत्येक जोड ही सिमेंटचे पाणी आत शिरण्याची वाट असते. अखंड पाइपास दिलेला लांबट बाक या दोन्ही दोषांतून सुटतो. बाकाची आतील त्रिज्या पाइपाच्या बाहेरील व्यासाच्या चौपटीहून कमी नसावी, असा ठोकताळा आहे. २० मिलिमीटरच्या पाइपास ती ८ सेंटिमीटर झाली, २५ मिलिमीटरच्या पाइपास १० सेंटिमीटर. या हिशेबाने २० मिलिमीटरच्या पाइपाच्या काटकोनी बाकात सुमारे १४ सेंटिमीटर लांबी वळते. दोन्ही बाजूंस चार-चार सेंटिमीटर अधिक धरले म्हणजे वीतभर पाइप कामात येतो.

वाकविण्याचे खरे साधन म्हणजे पोलादी स्प्रिंग. ती पाइपाच्या पोटात सरकवावयाची, तिच्या टोकास दोरी बांधून ठेवावयाची, आणि गुडघ्यावर टेकवून दोन्ही हातांनी सावकाश वाकवावयाचे. स्प्रिंग आतून आधार देते, म्हणून पाइप चेपत नाही. हात सोडताच पाइप थोडा मागे येतो. यासाठी पाहिजे त्याहून थोडे अधिक वाकवावे. स्प्रिंग अडकल्यास ओढाताण करू नये. तिचे वेढे आवळले जातील अशा दिशेने पीळ द्यावा, म्हणजे ती बारीक होऊन सुटते. ही थंड रीत २५ मिलिमीटरपर्यंतच्या पाइपास चालते. मात्र बेळगावकडील पौषातल्या पहाटे पाइप ताठर असतो व झटका दिल्यास तडकतो. अशा वेळी तो भाग कोरड्या फडक्याने जोराने घासून कोमट करावा, नाहीतर उन्हात अर्धा तास ठेवावा.

स्प्रिंग जवळ नसते तेव्हा वायरमनची बुद्धी चालू लागते, आणि तिचे कौतुक करावेसे वाटते. कोणी पाइपात बरोबर बसणारा रबरी नळीचा तुकडा घालतो, कोणी जाड वायरींचा जुडगा. या सर्वांत जुनी व विश्वासाची युक्ती वाळूची आहे. पाइपाचे एक तोंड चिंध्यांच्या बोळ्याने बंद करून आत बारीक चाळलेली वाळू ठोकून ठोकून भरावी व दुसरे तोंडही बंद करावे. वाळू दबत नाही, म्हणून पाइपाची गोलाई टिकते. वाळू मात्र कोरडी ठणठणीत हवी. ओली असल्यास तापविताना आत वाफ कोंडते, बोळा उडतो आणि हात भाजतो.

जाड पाइपास किंवा आखूड वळणास उष्णता द्यावीच लागते, आणि खरी गफलत येथेच होते. पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. दोनशेच्या आसपास त्याचे वेगाने विघटन होऊ लागते. कागदाचा बोळा, स्टोव्ह अगर ब्लो लॅम्प यांची ज्योत या दोन्ही मर्यादांच्या कितीतरी पलीकडची असते. त्यामुळे ज्योतीवर धरलेला पाइप बाहेरून करपतो तेव्हा आतून अद्याप ताठच असतो. करपताना वर सांगितलेला क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपाने बाहेर पडतो. ओलाव्याशी मिळून त्याचेच तीव्र आम्ल होते. डोळे झोंबतात, घसा धरतो. बंद खोलीत असे काम करणाऱ्या मजुराचा खोकला साधा समजू नये. तपकिरी डाग पडलेला तुकडा कापून टाकावा.

याउलट उकळते पाणी स्वतःच आपली मर्यादा पाळते. ते शंभर अंशांवर चढत नाही. बेळगावसारख्या साडेसातशे मीटर उंचीच्या गावी तर अठ्ठ्याण्णवाच्या आतच उकळते. पाइप मऊ होण्यास एवढे पुरते, करपण्यास पुरत नाही. उकळलेले पाणी आपल्या घरांना नवे नाही! खोल भांड्यात वीतभर भाग बुडवावा. तसे भांडे नसल्यास पाइपाचे खालचे तोंड घट्ट बंद करून आत उकळते पाणी ओतावे, व मऊ होताच ते ओतून टाकून वाळू किंवा स्प्रिंग घालावी. फळीवर कमानीच्या आकारात खिळे ठोकून त्यांच्या कडेने पाइप वळवावा आणि ओल्या फडक्याने थंड होईपर्यंत धरून ठेवावा. गरम करून दिलेला बाक मागे येत नाही, म्हणून येथे अधिक वाकविण्याचे कारण नाही. अमेरिकेत काही कारागीर मोटारीच्या धुराड्याच्या उष्णतेवर पाइप मऊ करीत. त्या विषारी धुरापेक्षा आपला बंब बरा. विजेवर चालणारी गरम हवेची बंदूकही चांगली, पण ती सारखी फिरती ठेवावी लागते.

आता मालाविषयी. उत्तम पाइपावर भारतीय मानक ९५३७, भाग ३ याचा उल्लेख व आयएसआय चिन्ह छापलेले असते. स्वस्त पाइपात खडूची भुकटी प्रमाणाबाहेर मिसळलेली असते. तो सावकाश वाकविला तरी तुटतो. पाइपाचे बोटभर कडे कापून पकडीत हळूहळू दाबावे: चांगले कडे चपटे होते, भरडीचे कडे तडकते. असा माल चांगल्याच्या भावाने विकणे हा तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचा अतिचार म्हणून सांगितलेला ‘प्रतिरूपकव्यवहार’च होय, हे आपणा व्यापाऱ्यांस निराळे सांगावयास नको. परंतु चांगला मालही दुकानदाराच्या हातून बिघडतो. दुकानाबाहेर उन्हात महिनोन्महिने उभे केलेले पाइप कडक व वाकडे होतात. ते सावलीत, आडवे, जागोजाग आधार देऊन ठेवावेत.

परत आलेल्या तुकड्यावरून दोष ओळखता येतो. आतल्या बाजूस घडी पडून पाइप चेपला असेल तर पोटात आधार नव्हता. बाहेरची बाजू पांढरी पडली असेल तर ताण अति झाला किंवा हवा थंड होती. तपकिरी डाग म्हणजे ज्योत. यांपैकी काही नसता स्वच्छ तुटला, तर माल बदलून द्यावा.

हे सारे पाहावयाचे ते स्लॅब ओतण्यापूर्वी. चेपलेला बाक काँक्रीटमध्ये गाडला गेला म्हणजे त्यातून वायर जोराने ओढली जाते, तिचे वेष्टन खरवडते, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्या घरातील कोणास तरी झटका बसतो. म्हणून प्रत्येक बाकातून पाइपाच्या पोकळीहून किंचित लहान असा लाकडी मणी दोरीला बांधून ओढून पाहावा. दोन बॉक्सांच्या दरम्यान सर्व बाक मिळून चार काटकोनांपेक्षा अधिक होऊ देऊ नयेत. दोनच असले तर वायर ओढणारा दुवा देईल. मणी सुटला की उघडी तोंडे बोळ्याने बंद करावीत, म्हणजे सिमेंटचे पाणीही जात नाही आणि मुंग्या-किडेही आत शिरून कोंडत नाहीत.