जुन्या खिडकीच्या जागीं नवी खिडकी

पावसाळा सरला कीं पुष्कळ घरांत सुतारास बोलावणें जातें. खिडकीच्या चौकटीचा तळ कुजलेला असतो, झडप फुगून लागत नाहीं, भिंतीस ओल आलेली असते. अशा वेळीं कित्येक गृहस्थ ती खिडकी बुजवूनच टाकतात, किंवा तेथें न उघडणारी कांच बसवितात. हा बेत कां घातक आहे व नवी खिडकी कशी बसवावी, हें विद्यार्थी व पालक या उभयतांस सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

खिडकीचें काम केवळ उजेड देणें नव्हे, तर वारा खेळविणें हेंही होय. डॉ. रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं ज्या क्षयजंतूंचा शोध जाहीर केला, ते रोग्याच्या खोकल्यावाटे बाहेर पडून कोंडलेल्या हवेंत बराच वेळ तरंगत राहतात. २००७ सालीं पेरू देशांतील लिमा शहरच्या रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्यांत, खिडक्या उघड्या असतां, यंत्रानें वारा पुरविलेल्या खोल्यांपेक्षां हवा अधिक खेळते, असें तींत आढळून आलें. मात्र वाऱ्यास शिरण्यास वाट हवी, तशीच निघून जाण्यासही हवी. म्हणून समोरच्या भिंतींत दार अगर झरोका असावा.

आतां कृतीकडे वळूं. जुनी चौकट काढण्यापूर्वीं तिच्या माथ्यावर स्वतंत्र तुळई आहे, कीं वरच्या भिंतीचा भार चौकटीवरच आहे, हें पाहावें. तुळई नसल्यास आधीं भक्कम टेकू द्यावा. नाहीं तर भिंत ढासळून माणसाच्या जिवावर बेतेल. नंतर मोकळ्या जागेची रुंदी व उंची प्रत्येकीं तीन ठिकाणीं मोजावी. जुनी भिंत क्वचितच सरळ असते. म्हणून सर्वांत लहान माप धरून, त्याहून किंचित् लहान चौकट करवावी.

चौकट उभी करून पाचरांनीं अडकवावी. ओळंब्यानें तिचा उभेपणा व पाणसळीनें आडवेपणा तपासावा. मग दोन्ही कर्ण मोजावे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे असतील, तरच चौकट काटकोनांत आहे, हें आपण भूमितींत शिकलोंच आहों. कर्णांत फरक असेल तर झडप कधींही नीट लागणार नाहीं. मापें जुळल्यावरच चौकटीच्या लोखंडी पट्ट्या भिंतींत पक्क्या कराव्या व गिलावा करावा.

राहतां राहिलें पावसाचें पाणी. खिडकीचा तळ बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा, व भिंतीबाहेर आलेल्या त्याच्या कडेच्या खालच्या अंगास एक लांब खाच पाडावी. थेंब त्या अंगास चिकटून भिंतीकडे सरकूं लागतो, तो खाचेपाशीं अडून खालीं पडतो. ही क्षुल्लक खाच भिंतीची ओल पुष्कळ अंशीं टाळते.

विद्यार्थिमित्रहो, घरीं सुतार आला असतां मापाच्या फितीचें एक टोक तुम्हीं धरा. वर्गांतील कर्ण तुम्हांस तेथें प्रत्यक्ष भेटेल. पालकांस आमची विनंती इतकीच कीं, घरांत लहान मुलें असल्यास खिडकीस गज अवश्य लावावे, पण झडपा मात्र मोकळ्या ठेवाव्या. खिडकी बसविणें सुताराच्या हातीं आहे; ती रोज उघडणें घरच्या माणसांच्याच हातीं आहे.