निवड झाली, पण नोंद झाली का?

मैत्रिणींनो, गावातल्या दहा-वीस जणींच्या बचत गटाला संस्था म्हणून नोंदणीची सक्ती नाही. पण अनेक गट मिळून संस्था काढतात तेव्हा कायदा लागू होतो. आपल्या राज्यात अशी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवता येते. त्यासाठी किमान सात जणी लागतात. शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही तिची नोंद होते.

तिथल्या रजिस्टरात कार्यकारिणीची नावं असतात. आपण सभेत नवी अध्यक्ष निवडली, हार घातला, टाळ्या वाजवल्या, तरी त्या रजिस्टरात नाव जुन्या ताईंचंच राहतं. बदल आपण कळवायचा असतो. कलम २२ प्रमाणे मुदत आहे ९० दिवस. १५ ऑगस्टला निवड झाली तर १३ नोव्हेंबरच्या आत अर्ज गेला पाहिजे. यालाच 'चेंज रिपोर्ट' म्हणतात.

"एवढ्याशा कागदानं काय बिघडतं?" असं कुणी म्हणेल. बिघडतं! बँकेत सह्या बदलायला गेलं की नोंदीचा उतारा मागतात. उताऱ्यावर नावं जुनी, म्हणून पैसे आपले असूनही काम अडतं. पुढे वाद झालाच, तर खरी कार्यकारिणी कोणती हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

अर्जासाठी हे कागद जपून ठेवा :

१. सभेची नोटीस आणि ती सगळ्यांना पोचल्याचा पुरावा.
२. हजेरीच्या सह्या किंवा अंगठे.
३. निवडीचा ठराव आणि सभेचं इतिवृत्त.
४. जुन्या सदस्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, लागू असेल तो.
५. नव्या सदस्यांची संमतीपत्रं.

नोटीस किती दिवस आधी द्यायची, सभेला किती जणी हव्यात, हे आपल्याच नियमावलीत लिहिलेलं असतं. नियम मोडून निवड केली, तर कुणीही सभासद हरकत घेऊ शकते आणि बदल नामंजूर होऊ शकतो. म्हणून आधी नियमावली वाचा. वाचता येत नसेल त्या ताईला वाचून दाखवा.

मुदत टळली असेल तर घाबरून गप्प बसू नका. उशिराचं कारण लिहून विलंब माफीचा अर्ज जोडता येतो.

पुढच्या बैठकीत सचिवताईंना एवढंच विचारा : "उताऱ्यावर आज कुणाची नावं आहेत? दाखवा बरं!" हे विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. संस्था आपल्या सगळ्यांची आहे, म्हणून विचारायचं.