आजचं चिंतन : बॅगांजवळ कोण बसणार?



आजचा शब्द आहे 'अपरिग्रह'. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या दहाव्या श्लोकात योग्याचं वर्णन येतं, त्यात हा शब्द आहे. साधा अर्थ असा, की गरजेपलीकडचं जवळ न बाळगणं. आपण हा शब्द एरवी पैसा, दागिने, घर यांना लावतो. आज मी तो चाकांच्या आणि कुलपाच्या बॅगांना लावणार आहे.

निमित्त आहे पुण्याच्या एका वाचक ताईंचा प्रश्न. त्या, त्यांचे यजमान, मुलगी आणि सासू-सासरे असे पाच जण मुंबईहून क्रूझने गोव्याला जाऊन परत येणार आहेत. सासूबाईंना इन्शुलिन चालू आहे, सासऱ्यांचे गुडघे दुखतात. सकाळच्या डेक्कन क्वीनने मुंबई गाठायची आणि दुपारी जहाजात चढायचं. "मधल्या वेळात सहा बॅगा घेऊन कुठे फिरणार? घारापुरी होईल का? आणि परतीच्या दिवशी सकाळी उतरल्यापासून संध्याकाळच्या गाडीपर्यंत काय करायचं?" असं त्यांनी विचारलं. शेवटी लिहिलं, "हा काही चिंतनाचा विषय नाही, राग मानू नका."

ताई, राग कसला? हा चिंतनाचाच विषय आहे. कसा ते बघू.

१. खरा प्रश्न कोणता?

कुठल्याही घरची सहल आठवा. सामान असतं तिथे एक माणूस बसून असतो. बाकीचे फोटो काढून येतात, आइस्क्रीम खाऊन येतात. आमच्या घरात ते माणूस म्हणजे आई. "तुम्ही जा रे, मी बसते इथे. मला काय बघायचंय त्यात?" हे वाक्य तुमच्याही घरात कुणीतरी म्हणत असेल. बहुतेक वेळा ती बाईच असते, आणि बहुतेक वेळा घरातली सगळ्यांत दमलेली.

म्हणून बॅगा कुठे ठेवायच्या हा सोयीपुरता प्रश्न नाही. घरातल्या कोणाला बघायला मिळणार आणि कोण राखण करत बसणार, हे त्यावर ठरतं. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा जहाजात बसणार आहेत. त्यांचा पहिला दिवस बाकड्यावर बॅगांचे पट्टे धरून जाऊ नये, एवढंच आजच्या अभ्यासाचं उद्दिष्ट.

२. वेळ शेवटाकडून मोजा

तिकिटावर जहाज सुटण्याची वेळ मोठ्या अक्षरांत असते आणि आपण तीच धरून बसतो. आपल्या कामाची वेळ दुसरीच, प्रवेश बंद होण्याची. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर जहाज सुटणं म्हणजे रिलीज आणि प्रवेश बंद होणं म्हणजे कोड फ्रीज. फ्रीजनंतर कितीही धावलात तरी उपयोग नाही.

इतक्या आधी दार का लावतात? प्रवाशांची अंतिम यादी पक्की करायची असते, सामान तपासून वर चढवायचं असतं, बंदरातून बाहेर काढणाऱ्या पायलटची वेळ ठरलेली असते. शिवाय आपत्कालीन सराव असतो. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकाला लागून कलंडलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावा लागतो. म्हणजे ही घाई आपल्याच जिवासाठी आहे.

आता हिशेब करू. समजा जहाज संध्याकाळी ५ ला सुटतं आणि प्रवेश ३:३० ला बंद होतो. (तुमच्या तिकिटावरची वेळ वेगळी असेल, ती घाला.) मागे मागे या :

- ३:३० प्रवेश बंद
- २:३० टर्मिनलवर पोहोचायचं, कारण बॅगा स्कॅन करण्याच्या रांगेला एक तास धरा
- २:०० टॅक्सीत बसायचं. अंतर थोडं असलं तरी फोर्टच्या रहदारीला अर्धा तास द्या
- १:३० सीएसएमटीवर बॅगा ताब्यात घ्यायला परत

आता पुढून बघा. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७:१५ ला निघते आणि साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला येते. बॅगा ठेवण्यात अकरा वाजतील. अकरा ते दीड, म्हणजे अडीच तास राहिले. त्यातच जेवण, त्यातच सासऱ्यांची सावकाश चाल. हातात खरे दोन तास.

गाडी तासभर उशिरा आली तर कात्री फिरण्याला लावा, बोर्डिंगच्या वेळेला नाही. फिरण्याचा वेळ हा आपला बफर आहे. तो पूर्ण खर्च झाला तरी वाईट वाटून घ्यायचं नाही. आणि हा ताण नकोच असेल तर आदल्या संध्याकाळी येऊन फोर्ट भागात मुक्काम करा. खोली सोडल्यावरही बहुतेक हॉटेलं काही तास बॅगा सांभाळतात, फक्त खोली ठरवतानाच विचारून घ्या. ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना मी हाच मार्ग सुचवेन.

३. आधी सोडा, मग फिरा

जहाज कंपनीला दोन दिवस आधी फोन करून एकच विचारा : बॅगा लवकर जमा करून पुन्हा बाहेर जाता येईल का? 'हो' म्हणाले तर प्रश्न मिटला. 'नाही' म्हणाले तर सीएसएमटीचं क्लोकरूम.

क्लोकरूमसाठी रेल्वेचं तिकीट आणि ओळखपत्र लागतं, आणि प्रत्येक नगाला कुलूप लागतं. हे शेवटचं महत्त्वाचं. चेन तुटलेली बॅग, तोंड बांधलेली कापडी पिशवी, वरून दिसणारा खाऊचा डबा हे तिथे चालत नाही. आपल्याकडे चार बॅगा आणि सात पिशव्या अशी पद्धत असते; ती घरूनच मोडा. पाच माणसांना तीन मोठ्या बॅगा पुरतात. छोटी कुलपं घ्या, किल्ल्या एकाच माणसाकडे ठेवा आणि पावतीचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

बॅगा भरताना जहाजाची बंदी असलेल्या वस्तूंची यादी वाचा. इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती या आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर चालत नाहीत. घरचे खाद्यपदार्थही पुष्कळ ठिकाणी अडवतात. सासूबाईंच्या देवघरातलं निरांजन बरोबर यायचं असेल तर हे त्यांना आधीच, नीट समजावून सांगा. रांगेत सगळ्यांसमोर बॅग उघडून काढायला लावलं तर त्यांना फार लागेल.

४. वारीतली पिशवी

टर्मिनलवर मोठ्या बॅगांना खोलीचा क्रमांक लिहिलेला टॅग लागतो आणि त्या आपल्या हातून जातात. मग त्या खोलीच्या दाराशी येतात, पण लगेच नाही. कधी दोन तास लागतात, कधी संध्याकाळ होते. एवढा वेळ आपल्याजवळ काय हवं?

वारी आठवा. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या दिंडीचे तंबू, वळकट्या, शिधा हे सगळं ट्रकमधून पुढे जातं. वारकऱ्याच्या खांद्यावर एक पिशवी. टाळ, छोटी पोथी, पाणी, पावसाचं काहीतरी, औषधाची पुडी. सामान मुक्कामी भेटणार हा विश्वास असतो, म्हणून पाय मोकळे आणि तोंडी नाम. ओझं डोक्यावर असतं तर लक्ष ओझ्यात राहिलं असतं.

तुमची पिशवीही तशीच भरा. सगळ्यांची ओळखपत्रं आणि बोर्डिंगचे कागद, इन्शुलिन आणि सुया, डॉक्टरांची चिठ्ठी, दोन दिवसांची बाकीची औषधं, चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे, पाणी. इन्शुलिन मोठ्या बॅगेत अजिबात टाकू नका. ती बॅग डेकवर किंवा शेडमध्ये किती वेळ उन्हात राहील ते आपल्या हातात नाही. आणि सासूबाईंच्या जेवणाची वेळ झाली तेव्हा बॅग भलत्याच मजल्यावर असू शकते.

५. दोन तासांत काय बघायचं?

घारापुरी नाही. गेटवेहून बोटीने जायला साधारण एक तास, यायला एक तास, वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या. चार-पाच तास सहज जातात. सोमवारी लेणी बंदच असतात.

त्याऐवजी एकच ठिकाण निवडा. गेटवे ऑफ इंडिया सीएसएमटीहून टॅक्सीने जवळ आहे. १९११ मध्ये पायाभरणी झाली आणि १९२४ मध्ये ते खुलं झालं. उन्हात उभं राहणं नको असेल तर जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. ते सकाळी सव्वादहाला उघडतं, सावली आहे, बसायला जागा आहे. दोन्हींचा वास्तुविशारद एकच, जॉर्ज विटेट. ज्या बॅलार्ड इस्टेटमधून तुम्ही टर्मिनलकडे जाल तो परिसरही त्याच्याच आराखड्यातला. मुलीला हे सांगा, म्हणजे टॅक्सीच्या खिडकीतूनही तिला बघायला काही मिळेल.

या धक्क्याची एक गंमत. पूर्वी विलायतेची टपालबोट बॅलार्ड पियरला लागायची आणि तिथेच रेल्वेचं स्टेशन होतं. पंजाब मेल आणि १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल तिथून सुटायच्या. प्रवासी बोटीतून उतरून थेट गाडीत बसायचा. आज ते स्टेशन नाही, म्हणून मधला दुवा आपल्याला जोडावा लागतो.

६. गोव्यात उतरलात की

जहाज मुरगावला, वास्कोच्या टोकाला लागतं. तिथेही तोच नियम. जहाज सुटण्याची वेळ विसरा, 'सगळे वर' ही वेळ पाठ करा. ती अर्धा ते एक तास आधीची असते. सासरे मंगेशीला जाऊ म्हणतील. जाण्यायेण्याला मिळून किमान अडीच तास धरा, तेवढे आणि वर एक तास शिल्लक असेल तरच निघा. नसेल तर बायणा किंवा बोगमाळोचा किनारा जवळ आहे. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर साधारणपणे जहाज थांबतं. आपण ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

७. उतरण्याचा दिवस

शेवटच्या रात्री टॅग लावलेल्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी सकाळचे कपडे, चपला, औषधं, ओळखपत्रं बाजूला काढा. नाहीतर रात्रीच्या कपड्यांतच नाश्त्याला जायची वेळ येते.

सकाळी साडेनऊला बाहेर पडलात असं धरा. संध्याकाळच्या डेक्कन क्वीनच्या तिकिटावर बॅगा पुन्हा क्लोकरूममध्ये ठेवा. गाडी ५:१० ला आहे, म्हणजे चारपर्यंत मोकळे. घारापुरी करायचीच असेल तर आज करा, पण लगेच गेटवेला जाऊन मिळेल ती बोट धरायची. दोघं मुलीला घेऊन जा, सासू-सासरे संग्रहालयात निवांत बसू देत. दोघांचा फोन चालू आहे ना, तेवढं बघा.

जी गोष्ट चढण्याच्या दिवशी नाही म्हटली ती उतरण्याच्या दिवशी चालते, कारण आता चुकली तर गाडी चुकेल आणि पुण्याला जायला मागून दुसरी गाडी आहे, बस आहे. जहाज चुकलं तर दुसरं जहाज नसतं. धोका घ्यायचाच तर जिथे परत मिळण्याची सोय आहे तिथे घ्यावा. हे प्रवासाबाहेरही लागू पडतं असं मला वाटतं.

आजचा अभ्यास

१. पुढच्या प्रवासाची शेवटची अटळ वेळ कागदावर लिहा आणि तिथून मागे मोजत या.

२. भरलेल्या बॅगेतून तीन वस्तू काढून ठेवा. परत आल्यावर त्यांची आठवण आली का ते बघा.

३. घरात "मी बसते इथे" कोण म्हणतं? त्या माणसाला आधी विचारा, "तुला काय बघायचंय?" उत्तर पटकन येणार नाही. थांबा, पुन्हा विचारा. आणि बॅगांची व्यवस्था त्या उत्तराप्रमाणे लावा.

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. उद्याचा शब्द 'युक्त', त्याच अध्यायातला.

राम कृष्ण हरी.