एकटे असणे आणि एकटे पडणे



"करमत नाही" हे बोल आपण रोज ऐकतो. म्हातारी म्हणते, "पोरं पुण्याला गेली, घर खायला उठतं." आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरे आजीजवळ राहतात. त्यांना सांजच्याला करमत नाही. सोयाबीनचा भाव पडला की शेतकरी पारावर गप्प बसून राहतो. त्यालाही करमत नाही.

पूर्वी करमेना झाले की माणूस उठून शेजारी जाई. आता तो खिशात हात घालतो आणि फोन काढतो.

फोन वाईट आहे काय? तसे नाही. पुण्याच्या लेकाचे तोंड फोनमुळेच दिसते. बाजारभाव कळतो. अडल्या वेळी गाडी बोलावता येते. पण करमत नाही म्हणून जो फोन काढतो, त्याला दोन घटका फोन पाहून करमू लागते काय? आपले आपण तपासून पाहावे. बहुतेक वेळा डोळे दुखतात, रात्र सरते आणि मन होते तिथेच राहते. असे का होते, ते या धड्यात पाहू.

फोनला शेवट का नाही?

कीर्तन संपते. तमाशा संपतो. पुस्तकाचे पानही संपते. मग माणूस उठतो आणि घरी जातो. फोनमधली चित्रे मात्र संपत नाहीत. एक झाले की दुसरे आपोआप पुढे येते. ही मांडणी मुद्दाम केलेली आहे. चित्रे दाखवणाऱ्या कंपन्यांना जाहिरातींचे पैसे मिळतात. आपण जितका जास्त वेळ पाहू, तितक्या जास्त जाहिराती आपल्याला दिसतात. म्हणून आपली नजर तिथून हलू नये, अशी सोय त्यांनी केली आहे. आपल्याला वाटते, हे फुकट आहे. पण त्याचे मोल आपण आपल्या वेळाने देतो.

आणखी एक गोष्ट. फोनमध्ये लोक आपले लग्न, नवी गाडी, नवे घर दाखवतात. आपले कर्ज कोणी दाखवत नाही. पाहणाऱ्याला वाटते, सगळे जग सुखात आहे, मीच तेवढा मागे राहिलो. अशाने उदास माणूस जास्त उदास होतो.

तृष्णा आणि दुसरा बाण

भगवान बुद्धांनी दुःखाचे मूळ तृष्णा आहे असे सांगितले. तृष्णा म्हणजे मनाची हाव. नायटा खाजवला की घटकाभर बरे वाटते. पण खाजवल्याने नायटा वाढतो. हावेचेही तसेच आहे. एक चित्र पाहिले की दुसरे पाहावेसे वाटते.

बुद्धांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे. एका माणसाला बाण लागला. त्याला वेदना झाली. तेवढ्यात दुसरा बाण लागला. आता दुःख दुप्पट झाले. पहिला बाण म्हणजे आलेले संकट. पीक गेले, माणूस गेला, लेक दूर गेला. तो बाण कोणाला चुकत नाही. दुसरा बाण आपण आपल्या मनाने मारून घेतो. "माझंच असं का झालं? आता माझं कोणी नाही," असे मनात घोळवत बसणे, हा दुसरा बाण. त्या घोळण्यापासून पळावे म्हणून आपण फोन पाहतो. पण फोन खाली ठेवला की बाण तिथेच असतो. तो काढायचा तर आधी त्याच्याकडे नीट पाहावे लागते.

अजिंठ्याच्या खोल्या

आपल्या जिल्ह्यातल्या भोकरदनहून सिल्लोडमार्गे गेले की अजिंठ्याची लेणी लागतात. भोकरदन हे फार जुने गाव. त्याचे जुने नाव भोगवर्धन. मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दान दिले, त्यांच्या लेखांत भोगवर्धनाचे नाव कोरलेले आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागातली माणसे बुद्धांच्या धम्माला मदत करीत होती.

अजिंठ्याला गेलात तर 12 क्रमांकाचे लेणे जरूर पाहा. तिथे भिक्षू राहत. मधे मोठा मंडप आहे. भोवती लहान लहान खोल्या आहेत. खोलीत दगडाचे दोन ओटे आहेत, झोपण्यासाठी. पावसाळ्यात भिक्षू फिरत नसत, एका जागी राहत. त्याला वर्षावास म्हणतात.

या रचनेत मोठी शिकवण आहे. ध्यानाला बसायला लहान खोली. सगळ्यांनी मिळून बसायला मोठा मंडप. माणसाला दोन्ही लागते. खोलीत बसलेला भिक्षू एकटा असे, पण एकटा पडलेला नसे. हाक मारली तर शेजारी सोबती होता. आज आपले उलट झाले आहे. घरात पाच माणसे एका खाटेवर बसतात, पाचांच्या हातात पाच फोन असतात. एकटे कोणी नाही, पण एकटे सगळेच पडले आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईला दादरच्या राजगृहात ग्रंथांच्या सोबतीने तासन्‌तास एकटे बसत. ते एकटेपण कामाचे होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ 1957 साली इंग्रजीत निघाला, पुढे मराठीत आला. आपल्याकडे अनेक गावांत वर्षावासाच्या तीन महिन्यांत हा ग्रंथ विहारात वाचतात. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. ज्यांना नुकते वाचता येऊ लागले आहे, त्यांनी तिथे चार ओळी तरी वाचाव्यात. अडखळले तर अडखळले.

आजारी भिक्षूची गोष्ट

एका विहारात एक भिक्षू पोटाच्या आजाराने पडला होता. अंथरूण घाण झाले होते. कोणी जवळ जात नव्हते. भगवान बुद्ध आनंदासोबत तिथे आले. बुद्धांनी विचारले, "तुझी सेवा कोणी का करीत नाही?" तो म्हणाला, "मी कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी येत नाही." बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धांनी स्वतः पाणी घातले, आनंदाने अंग धुतले. दोघांनी त्याला उचलून खाटेवर ठेवले. मग बुद्धांनी सगळ्या भिक्षूंना गोळा केले आणि समजावले की इथे तुमचे आईबाप नाहीत, एकमेकांची सेवा तुम्ही केली नाही तर करणार कोण?

आपल्या गावात असा कोणी पडून आहे काय? गावातल्या म्हातारीला कोणी विचारत नसेल, तर तिच्या दारात पाच मिनिटे बसणे हाही धम्मच आहे.

वडगावचा भोंगा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. करोनाच्या काळात शाळा फोनवर भरल्या. त्यानंतर पोरांच्या हातून फोन सुटेना. तेव्हा गावाने 2022 सालच्या ऑगस्ट महिन्यात ठराव केला. संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा. मग घरोघर फोन आणि टीव्ही बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलत बसायचे. साडेआठला पुन्हा भोंगा, मग बंदी संपली. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि निवृत्त शिक्षकांनी घरोघर जाऊन लोकांना समजावले.

यात ध्यानी घ्यायची गोष्ट ही, की एकट्याने फोन ठेवणे अवघड जाते. सगळ्यांनी मिळून ठेवला तर सोपे जाते. शिवाय शेजारी मोकळा असतो, त्याच्याशी बोलता येते.

आपण काय करावे?

1. सांजच्याला एक तास घरातले सगळे फोन फडताळात ठेवावेत. थोरांनी आधी ठेवावा, मग पोरे ठेवतील.

2. करमेना झाले की आधी दहा श्वास मोजावेत. श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढेच पाहावे. याला आनापान म्हणतात. मन पळाले तर रागावू नये, पुन्हा श्वासावर आणावे.

3. मग मनाला विचारावे, "मला काय होतंय?" राग आहे, काळजी आहे, की कोणाची आठवण आहे? नाव कळले की ओझे थोडे हलके होते.

4. आठवण आली असेल, तर त्या माणसाला फोन लावावा. चित्रे पाहण्यापेक्षा दोन शब्द बोलणे बरे.

5. रोज एका माणसाच्या घरी जाऊन यावे.

उदासी हटत नसेल तर

कधी कधी उदासी आजार होऊन बसते. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशात जीव लागत नाही, मरावेसे वाटते. अशा वेळी नुसत्या ध्यानावर राहू नये. ताप आला तर आपण दवाखान्यात जातो, तसेच इथेही जावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावे. जालन्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. 14416 हा सरकारी नंबर आहे. त्याचे नाव टेली मानस. हा 2022 साली सुरू झाला. रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. हा नंबर घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. ज्या फोनने माणूस एकटा पडतो, तोच फोन अशा वेळी जीव वाचवू शकतो. तो कशासाठी हातात घ्यायचा, हे आपण ठरवायचे.

आपला शेजारी असे काही बोलला, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटे सोडू नका.

शब्दांचे अर्थ

तृष्णा – हाव, न संपणारी इच्छा
वर्षावास – पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहणे
आनापान – आत येणारा व बाहेर जाणारा श्वास पाहणे
विहार – भिक्षूंची राहण्याची किंवा उपासनेची जागा

प्रश्न

1. फोनमधली चित्रे संपत का नाहीत?
2. दुसरा बाण म्हणजे काय? तुमच्या मनातला एक सांगा.
3. आजारी भिक्षूजवळ कोणी का जात नव्हते?
4. तुमच्या गल्लीत एकटे पडलेले कोण आहे? आज त्यांच्याकडे जाऊन या आणि उद्या वर्गात चार ओळी लिहून दाखवा.