युद्धाचा कायदा वर्गात कसा शिकवावा?

प्रश्न : मी विधी महाविद्यालयात शिकवते. आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचा तास सुरू झाला की मुले म्हणतात, ‘मॅडम, युद्धात हे कोण पाळतं?’ काय उत्तर द्यावे?
– एक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : मुलांची शंका दडपू नका, तिथूनच सुरुवात करा. खून होतात म्हणून खुनाविरुद्धचा कायदा निरर्थक ठरत नाही. शिवाय कायदा मोडला की बातमी होते. कैद्यांची अदलाबदल झाली किंवा जखमी शत्रूवर उपचार झाले, तर ते फारसे कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुमचे शिकवणे हाही या कायद्याचाच भाग आहे. 1949च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे कलम 144 सांगते, की राष्ट्रांनी कराराचा प्रसार शांततेतही करावा आणि शक्यतो नागरी शिक्षणात त्याचा समावेश करावा. भारताने 1949चे चारही जिनिव्हा करार स्वीकारले आणि 1960 मध्ये त्यांसाठी कायदा केला. 1977च्या अतिरिक्त प्रोटोकॉलांमध्ये मात्र भारत सामील नाही. ‘का नाही?’ यावर वर्गात उत्तम वाद रंगेल.

कलमे पाठ करून घेण्यापेक्षा भूमिका वाटून द्या : एक गट सेनाधिकारी, एक रेडक्रॉसचे प्रतिनिधी, एक सरकारी वकील. रुग्णालयाशेजारी शस्त्रसाठा आहे. हल्ला करावा का? विद्यार्थ्यांसाठीची, याच कायद्यावरची 1989 पासूनची जाँ पिक्ते स्पर्धा अशाच भूमिकानाट्यावर चालते. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचा प्रकरणसंग्रह इंटरनेटवर मोफत आहे. त्यातून दर आठवड्याला एक प्रकरण घ्या.